तूट

तासगावच्या बेदाणा सौद्यात मी तोलाईला असतो.
पंधरा किलोच्या बॉक्समधून
नमुन्याची एक मूठ काढली तर बॉक्सला कळत नाही.
दुसरी काढली तरी नाही.
कितव्या मुठीला तो बॉक्स राहत नाही
एवढंच काय ते आमच्या कामात कळावं लागतं.

म्हणून मौजनगरीच्या गेटातच
काटा जरा हलल्यासारखा वाटला.

दांडोबाच्या डोंगराखाली, भोश्याच्या अलीकडे,
वर्षातून एक रविवार आम्ही तिघं इथं.
तिकीट यंदा साडेआठशे. गेल्या साली सहाशे.
आधी मनगटावर निळ्या मोराचा शिक्का मिळायचा,
स्वरांजली तो दोन दिवस अंघोळीत जपायची.
आता बॉलपेनची फुली.

पहिल्या वर्षी गेटवर हलगी होती.
दुसऱ्या वर्षी हलगी स्पीकरमधून.
यंदा स्पीकर आहे,
म्हणजे डबा आहे, आत चिमण्यांचा संसार.
पोरांशी हात मिळवणारं अस्वलही आहे,
पण त्याला यंदा पाय दिलेले नाहीत:
वर केसाळ पोट, खाली कुणाच्या तरी स्लिपरा.

ते सगळं चाललं असतं.
आम्ही एकाच गोष्टीसाठी आलो होतो.

गगनगाडीच्या पायरीशी पत्र्याचा जिराफ आहे,
एक खूर आडवा धरून उभा.
त्या खुराला डोकं लागलं तरच गाडीत बसायचं.
पहिल्या वर्षी चार बोटं कमी पडली.
मग दोन, वेणी डोक्यावर बांधूनसुद्धा.
गेल्या साली एकच बोट.
गाडीवरचा धनपाल मगदूम म्हणाला होता,
"पुढल्या साली ये की. गाडी काय पळून जातीय व्हय?"
वर्षभर पोरगी चौकटीला लोंबकळली.

यंदा लागलं.
पत्रा ठण्णकन वाजला.
ती हसत वळली
तर गाडीला साखळी, साखळीला पाटी: दुरुस्ती चालू.
पाटीचाही रंग उडालेला.
रुळांमधून घाणेरी वर आलेली, फुलांवर आलेली.

"मग छोट्या आगगाडीत बस," वर्षाराणी म्हणाली.
तिथं बदक आहे, पंख पसरलेलं.
पंखाखालून जाईल त्यालाच आत घेतात.
स्वरांजलीचं कपाळ पंखाला अडलं.

दोन पाट्यांच्या मधोमध उभी राहिली,
ना रडली, ना काही मागितलं.
तेव्हा मात्र मी आवाज चढवला.
मागं जयसिंगपूरचं एक कुटुंब होतं, तेही तापलेलं:
प्यायला पाणी नाही, सावलीचं कापड काढून नेलंय,
साठ रुपयांच्या ताकात ताक शोधावं लागतंय.

धनपाल तीन पाळणे एकटा चालवत होता.
इथलं बटण दाबायचं, धावत जाऊन तिथला दांडा लावायचा.
"पार्ट मागवलाय," तो धापा टाकत म्हणाला.
मग माझ्याकडं न बघता, "न्हाई मागवला."

तक्रारवही होती. पेनाचा दोराही होता.
पेन नव्हतं.
माझ्या खिशात सौद्याचं पेन असतंच.
हाताच्या सवयीनं रकाने आखले:
भरती, तूट, निव्वळ.
भरती: दोन हजार साडेपाचशे रुपये.
तूट लिहायला घेतली आणि ओळी पुरेनात.

"माझं नाव नका घालू," धनपाल कानाशी आला.
"तक्रार वाढली की हितं माणूस कमी करत्यात.
आमी नऊ होतो."

पुढची मूठ कुणाची, ते मला तिथं कळलं.
तोलाईवाल्याला कळायला
जरा उशीरच झाला म्हणायचा.

त्याचं नाव घातलं नाही. बाकी सगळं लिहिलं.
निव्वळचा रकाना तसाच सोडला.
स्वरांजलीनं माझ्या हातातून पेन घेतलं
आणि खाली, कुणाला उद्देशून ते देव जाणे, लिहिलं:
चार फूट. आजची तारीख.

निघताना पेन त्या दोऱ्याला बांधून आलो.
सोमवारी सौद्यात शेजारच्याकडं मागावं लागलं.