खडे

आमच्या भाषेत बापाला मामा म्हणतात.
काउंटरवरच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार?
मी म्हणाले, मामाच्या पोटात दुखतंय,
तिनं नात्याच्या रकान्यात लिहून टाकलं: आई.
पहाटेचे चार. एडमंटन, उणे एकतीस.
खुर्चीत पोट दाबून बसलेला ओतार,
खाशुरीच्या रेल्वे कारखान्यातला निवृत्त फिटर,
मिशा तंबाखूनं पिवळ्या, ओठ पांढरेफटक.
मी दुरुस्त करायला गेले नाही.

पित्ताशय सुजलंय, म्हणाल्या डॉक्टर वीब.
मी सांगेपर्यंत मामानं हवेत बोटानं
एक नळी काढली, तिला कोपर काढला, वाल्व्ह काढला.
"तुंबलंय ना? मग उघडा, साफ करा, बंद करा.
अर्ध्या पाळीचं काम."

अर्ध्या पाळीचा अंदाजखर्च सकाळी दहाला आला.
खोलीचे रात्रीला चार हजार नऊशे,
भूल देणाऱ्याचे वेगळे, कापणाऱ्याचे वेगळे,
आणि माणूस इथला नाही म्हणून
सगळ्यावर आणखी एक थर.
एकवीस हजार डॉलर. तळाला बारीक अक्षरात:
रक्कम वाढू शकते.
निम्मे आधी.

विमा होता की.
सप्टेंबरात मीच काढला होता,
कामावर जाताना, बसमध्ये उभ्यानं, फोनवर.
पूर्वीचे आजार? होय. नाही.
होय म्हटलं की महिन्याला नव्वद जास्त पडत होते.
बस वळणावर आली,
माझा अंगठा नाहीवर होता.

त्या पहाटे डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी असं?
"हो तर," मामा म्हणाला, जणू शाबासकी मिळणार आहे,
"दोन वर्षांपूर्वी, कुटाइसीला. सात खडे दिसले होते."
मी शब्दन् शब्द सांगितला.
दुभाषी म्हणून मी फार इमानदार आहे.

"तिकीट काढ," मामा म्हणाला. "तिकडं वासराच्या किमतीत होईल."
तीन विमानं, मधे इस्तंबूलला सहा तास,
आणि वाटेत फुटलं तर?
डॉक्टरांनी मूठ मिटली आणि उघडली.
एवढं त्याला भाषांतराविना समजलं.

बिलांच्या खिडकीतल्या रोझविंडाबाई
इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या,
तीन कार्डांत वाट, उरलेल्याचे हप्ते माग,
रडू नकोस, रडलं की ते साहेबाला बोलावतात.
माझ्या सासऱ्याचं मी सहा वर्षं फेडतेय,
तो वारला, पैसे राहिलेत.

रात्री मला डोळा लागलाय असं समजून
मामानं शेजारच्या झाझाला फोन लावला.
"निवा विकून टाक. हो, हिरवीच.
बॅटरी नवी आहे, सांग त्याला, विसरू नकोस."
दुसऱ्या दिवशी दोन हजार शंभर आले.
खोलीची अर्धी रात्रसुद्धा नाही.
मी म्हटलं, बरं झालं मामा, अगदी वेळेवर आले.

पन्नास मिनिटं लागली.
त्याचा अंदाज उलट चढाच निघाला.
सात नव्हते, नऊ होते.
नर्सनं छोट्या बरणीत घालून दिले,
त्यानं खिडकीशी धरून एकेक फिरवून पाहिला,
जोहरीसारखा, एक डोळा मिटून.
"हे एवढे महाग खडे," म्हणाला,
"तुझ्या आईला अंगठीतसुद्धा कधी घातले नाहीत मी."
हसला, आणि टाके ताणले म्हणून कण्हला.

आता तो खाशुरीत, बाजाराला पायी जातो.
बरणी कपाटात आहे, आल्यागेल्याला दाखवतो.
इकडं महिन्याला पत्र येतं:
आपल्या आईच्या उपचारांपोटी.
अजून एकतीस हप्ते.

रविवारी फोनवर तो त्या विमा कंपनीचा उद्धार करतो,
सात पिढ्या, कोणतीही सोडत नाही.
दरोडेखोर, म्हणतो, सरळ माणसाला लुबाडलं,
कागद पाहून तरी लाज वाटायला हवी होती.
मी म्हणते, हो मामा.

थोडा वेळ तो काही बोलत नाही.
मग म्हणतो, "आणि बॅटरी नवी होती गं."