नऊ फूट दोन इंच

यास्मिनची टेप साठ इंचांवर संपते.
पुढच्या अठ्ठेचाळीसांसाठी
कुणीतरी त्या जागी बोट दाबून धरायचं
आणि पुन्हा शून्यापासून निघायचं.
बोट माझं होतं.

रविवार. सहाला दहा कमी.
सीवूड्सची चार मजली इमारत, लिफ्ट नाही,
गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे
ब्लाउजच्या गळ्याला खुणा करायचा निळा खडू
तिने लाद्यांवरून ओढत नेला.
पुढे निमुळता, मध्ये पोट, मागे जरा आवळलेला.
"कटोरीपेक्षा सोपंय," म्हणाली.

हा आमचा सर्फबोर्ड.

प्रमिला त्यावर पालथी झोपली,
दोन सिझेरियनची, मसाला मार्केटात हिशेब लिहिणारी,
अजून केसांना मिरचीचा वास,
आणि दोन्ही हातांनी लाद्या मागे ढकलू लागली.
मी मोबाइलवरचं वाचत होते:
छाती उचला. एक पाय पुढे. झटक्यात उभ्या राहा.
पायांकडे बघू नका, नजर किनाऱ्याकडे.
"किनारा कुठाय?"
मी हात केला.
पामबीचचा रस्ता, पलीकडे तिवरं,
तिवरांपलीकडे खाडी.
स्टेशनच्या नावात समुद्र आहे आमच्या,
पाण्यात लाट मात्र नाही.
भरती येते ती भाडेकरूसारखी,
चप्पल हातात घेऊन, जिना न वाजवता.

पोहता येतं एकट्या यास्मिनला,
तेही गावच्या विहिरीतलं
आणि वयाच्या तेराव्या वर्षापर्यंतचं.
त्यानंतरचं विचारलं नाही आम्ही.

भिशीत आम्ही अकरा जणी, महिना पाचशे.
माझा नंबर मार्चात.
बोर्ड म्हणे तीस हजारांचा, जुना घेतला तरी अठरा.
आणि ठेवायचा कुठे?
घरात लांब भिंत एकच, तिच्यावर देव आणि टीव्ही.
तिरका टाकला तर बसतो,
सोफ्याच्या कोपऱ्यापासून ओट्याखालच्या सिलिंडरपर्यंत.
मग आमटीचं पातेलं घेऊन
रोज त्याला ओलांडायचं.
रात्री मी खरंच मोजत होते.
"कसलं माप?" नवऱ्याने विचारलं.
सतरंजीचं, म्हटलं.

तेवढ्यात हौसाबाय वर आली,
सारसोळ्याची, पाटी डोक्यावर,
खाली कुणी दार उघडेना म्हणून.
खडूच्या रेघेकडे बघत राहिली.
"क करताव गो?"
सांगितलं. वाटलं, हसेल.
ती म्हणाली, आयेकडे होती अशी फळी.
ओहोटी लागली की एक गुडघा फळीवर,
दुसऱ्या पायाने चिखल मागे सारत
पार लांबपर्यंत जायची, निवट्या धरायला.
मीही जायची. पुलाच्या आधी. तुमच्या बिल्डिंगींच्या आधी.
"आनि लाट?" प्रमिला तिच्यासारखंच बोलायला लागली.
"लाट कशाला? चिखोल व्हता ना."

पाटी उतरवली. चपला काढल्या.
लुगड्याचा काष्टा जरा वर खोचला
आणि रेघेच्या आत उभी राहिली, आडवी,
डावा पाय पुढे.
गुडघे किती वाकवायचे
ते आम्ही अजून वाचलंही नव्हतं.
हात कुठे ठेवायचे तेही.
टाकीवरचा कावळा उडाला, तिने मान वळवली नाही.
तिची नजर तिवरांच्या पलीकडे,
आणि आम्ही तिघी
सरकून बाजूला झालो,
जणू ती इथून जाणार होती.

मग बोंबलांवर माशी बसली आणि ती उतरली.
प्रमिलाने पावशेर मांदेली घेतली, घासाघीस न करता.
"मनापन लिवा तुमचे भिशीन," हौसाबाय जिन्यावरून म्हणाली.
म्हणजे आता बारा.
तिला पहिला नंबर द्यावा, असं प्रमिलाचं मत.
माझा गेला एप्रिलात.

सोमवारी गच्ची धुतात.
यास्मिन टेप गुंडाळत होती, बोटाभोवती, सवयीने.
मी वहीत लिहिलं: नऊ फूट.
"दोन इंच वाढवून लिही," ती म्हणाली.
"पहिल्या पाण्यात आटतं."