ऱ्हस्व उकार

टिमकीच्या समाजभवनात दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली
आणि कूलर, प्रोजेक्टर, माझी बत्तीस रंगीत चित्रं
एकदमच मावळली.
एप्रिल. बाहेर डांबर मऊ पडलेलं.
आत चाळीसेक बाया, अकरा पुरुष, भिंतीला टेकलेली पोट्टी,
आणि कालच्या लग्नातल्या बुंदीचा वास.

कोपऱ्यातला फळा पुढे ओढला.
त्यावर भिशीचा हिशेब होता, अर्धा पुसलेला.
उरलेल्या जागेत लिहिलं : सूत.
हे तुमचं, म्हटलं, मागावरचं.
मग खालचा उकार बदलला : सुत.
म्हणजे लेक.
एवढ्याशा वळणाचा फरक.
आपल्या आत तीन अब्ज अक्षरांची पोथी आहे,
तिच्यात एकच अक्षर असं वळलं
की रक्ताची गोल पेशी विळा होते,
आणि रात्री तीन वाजता मेयोच्या पायरीवर
तुम्ही पोराचे गुडघे चोळत बसता.

आता ते वळण सुधारायची कात्री निघाली आहे.
मज्जेतल्या पेशी बाहेर काढतात,
दुरुस्त करतात, परत सोडतात.
त्याआधी मज्जा औषधानं कोरी करावी लागते.
केस जातात. कधी मूल होण्याची आशाही.
किंमत सांगताना मी खाली पाहिलं.

क्षितिज रंगारी, वय एकोणीस, मनगटावर सुयांचे जुने डाग :
"मॅडम, मले मिळंन काय हे?"
माहीत नाही, म्हटलं.
"पाच वर्सात? दहा?"
माहीत नाही.
भाषणात हे वाक्य मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग शकुनबाई बारापात्रे, दाराशी, पायरीवर बसलेल्या.
चाळीस वर्षं माग चालवून उजवा खांदा खाली आलेला.
"चुकलेला धागा म्या बी ओढलाय वं बाई.
तो निघते. पन शेजारचा ढिला होते.
आन् दिसते कवा? लुगडं धुतल्यावर.
तुमचं हे धुऊन पाह्यलं काय कोनं?"
धुतायत, म्हटलं.
ज्यांना दिलं त्यांना पंधरा पंधरा वर्षं तपासणार आहेत.
"आन् पोटातल्या गर्भात घालसान काय हे?
म्हंजे पुढं लेकराच्या लेकरात जाईन असं?"
नाही. ते करायचं नाही.
"मंग ठीक. नाही त सही कोनाची घेतली असती?
माह्या पणतूच्या पोराचा अंगठा
अजून कोनाच्या पोटात बी नाही."

कुणीतरी हसलं. शकुनबाई हसल्या नाहीत.

तुळशीदास हेडाऊ मागून म्हणाले,
"तुमच्या घरी हाये काय हा आजार,
का नुसतंच शिकवून रायल्या?"
सोळा वर्षं हा प्रश्न मी दुसऱ्या उत्तरानं टाळते.
पर्सच्या आतल्या कप्प्यात कार्ड आहे,
बसच्या पासामागे.
आहे, म्हटलं. माझ्यात अर्धं. नवऱ्यात अर्धं.
पत्रिका पाहिली होती, रक्त नाही.
मुलीत पूर्ण उतरलं. साडेसात वर्षांची आहे,
परवाच सलाइन निघालं.
"मंग त तुमाले ते कात्री आजच पाह्यजे असंन."
हवी आहे.
आणि तरी म्हणते, धुऊन पाहू द्या.
दोन्ही वाक्यं एका तोंडातून निघताना
घसा असा काय कोरडा पडला.
कुणीतरी माठातलं पाणी पुढे केलं.

चार वाजता वीज आली.
भिंतीवर नुसता निळा चौकोन उमटला,
त्याकडे कुणी पाहिलं नाही, सगळे टेबलाशी रांगेत,
बोटं पुढे केलेली. एकोणतीस थेंब.
शेवटी शकुनबाई : "माहं त झालं जगून.
पन टोच. खाली कोनापर्यंत गेलं
ते त समजंन."

निघताना फळा पुसायला घेतला.
भिशीवाल्या बाईनं डस्टर काढून घेतलं हातातून,
"ऱ्हाऊ द्या, माह्या रकमा पुसान."
सात हजार दोनशेच्या शेजारी
सुत तसंच राहिलं.