होमाय कासदच्या कादंबरीत माझी आई

पहिली गोष्ट, भोंगा चुकलाय.
पान बारावर पहिल्या पाळीचा भोंगा सहाला होतो.
आपला व्हायचा सातला,
आणि त्याआधी एक, नुसता उठवायचा, साडेपाचला.
अजून चार म्हातारे आहेत साखर पेठेत
जे हे शपथेवर सांगतील.
मी समासात पेन्सिलीने टिंब केलं आणि पुढे गेलो.
अनुवादकाने पुढे जायचं असतं.

होमाय, स्पिनिंग मास्तर रुस्तमजी कासदची धाकटी.
बंगल्याच्या उंबऱ्यावर रोज सकाळी
भोकाभोकांच्या पत्र्याच्या डबीतून
चुन्याचे मासे उमटायचे,
सगळे एकाच दिशेला पोहणारे,
नळ चार दिवसांनी येणाऱ्या गावात.
आणि माझी आई डोक्यावर धुण्याची पाटी घेऊन
एकही मासा न पुसता आत जायची.

हे तिने लिहिलंय. हे खरं आहे.

बाविसाव्या वर्षी गेली ती कॅनडाला.
हॅमिल्टनमध्ये दिवसभर विमा कंपनीत
लोकांच्या जळालेल्या घरांच्या याद्या करायची:
खुर्च्या किती, पडदे किती, पियानो होता की नव्हता.
रात्री स्वयंपाकघरात टाइपरायटर.
खालची बाई छताला झाडू मारते म्हणून
त्याच्याखाली सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी.
अशी चौदा वर्षं.
टॉवेल विरला, तेव्हा पहिलं पुस्तक आलं.
तिसऱ्याला बक्षीस.
चौथं तिने बर्फावर लिहिलं, शेजारच्या झाडूवालीवर,
ते कोणी उचललं नाही.
तुमच्या गावाकडे परत या, असं एका समीक्षकाने लिहिलं,
जणू तोच तिकीट काढून देणार होता.

फोनवर ती मराठी बोलते.
तेलुगू आईने गुजराती पोरीला शिकवलेलं
सोलापुरी मराठी, बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलेलं.
"पन्नास वर्षं झाली रे,
अजून मला स्थलांतरित कादंबरीकार म्हणतेत.
म्हणजे मी काय अजून फलाटावरच उभारलेय?"
मी हसलो. ती हसली नाही.

पान दोनशे चौदा.
गिरणीच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस.
हजार माणसं, आणि कोणाला वाचता येईना, किंवा धीर होईना.
निळं लुगडं नेसलेली गंगा पुढे होते,
मालकांच्या मुलीच्या पुस्तकावर चोरून शिकलेली गंगा,
आणि ठणठणीत आवाजात
शेवटच्या सहीपर्यंत वाचते.

ती नोटीस मी वाचली होती.
सातवीत होतो. 'अनिश्चित'वर अडखळलो,
मागून कोणीतरी म्हणालं, पुढं वाच की बे.
आई फाटकावर नव्हतीच.
आई आजही रेशनच्या वहीत अंगठा देते.

इथे मी तीन दिवस थांबलो.
मूळ लेखिकेला कळवावं, की
माझं वाचणं तिने माझ्याच आईला देऊन टाकलंय?

चौथ्या दिवशी आईच आली, भिंत धरून.
विड्या सोडून दहा वर्षं झाली,
बोटं अजून रिकामं पान वळत असतात.
"काय वाचलालास?"
"होमायचं."
"वाच की मोठ्यानं."

वाचलं. मराठीत, जसं जमलं तसं.

"गंगा कोण?"
"तू."
"मला कुठलं आलंय निळं लुगडं.
दोन होती, दोन्ही हिरवी. एक तिच्या आईनं दिल्तं."
"तिने असं लिहिलंय."
बराच वेळ बोटं चालू राहिली.
"मग? वाचली काय तिनं सगळी नोटीस?"
"सगळी."
"कुठं अडखळली?"
"नाही."
"परत वाच. तेवढंच वाच."

भोंग्यापुढचं टिंब तसंच आहे,
त्याचं मी होमायशी भांडणार.
लुगड्यापुढचं खोडलं.