डिझी

डॉक्टर हॅरपकडे एकच शब्द: डिझी.
म्हटलं, आमच्याकडे निवडीला वाव आहे.
उठताना येते ती अंधारी,
रक्तदाबाची गोळी बदलल्यापासून.
कूस पालटली की छत फिरतं, ते गरगरणं;
कानातले खडे म्हणे जागचे हललेत.
चतुर्थीची ती नुसती घेरी, उपाशीपोटाची.
हसत त्यांनी सगळं लिहून घेतलं.

आज सकाळी मात्र
जमीन कलली,
कप डाव्या हातातून आपणहून सुटला,
मृण्मयीला फोन केला
तर तिचं नावच तोंडातून वाकडं आलं.
याला काय म्हणतात, शोधत बसले नाही.
तीनदा नऊ दाबले.

हॅलिफॅक्सच्या चढावर ॲम्ब्युलन्स घरघरतेय.
भिंतीला टेकून
मी तेवढंच घोकतेय, विचारतील म्हणून:
सात वाजून बारा.
सात वाजून
बारा.