बाकीचा दगड

सकाळी साडेआठ. चाफ्याखाली अकरा माणसं आणि एक छत्री,
पिवळी, मिटलेली, झेंड्यासारखी वर धरलेली.
"माझ्या मागून या. गवतात पाय नको,
साप या वेळी ऊन खायला येतात,"
लिब्राता मिनेझिस म्हणाली
आणि आम्ही सहलीच्या पोरांसारखे रांगेत लागलो.

जुने गोवे. टेकडीवर मनोरा,
तांबडा, उभा चिरलेला,
एका अंगाने चार मजले, दुसऱ्या अंगाने नुसतं आभाळ.
खिडक्यांतून राघू आरपार जातात.
ती सांगते: इथे छत होतं. इथे जिना.
इथली घंटा आता पणजीच्या इगर्जीत आहे, अजून वाजते.
ती छत्रीचं टोक हवेत टेकवते तिथे
आम्ही माना वर करून बघतो
आणि काही दिसल्यासारखे गप्प होतो.
यवतमाळच्या बाई त्या रिकाम्या जागेचा फोटो काढतात.

मी कराडचा. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात
मोजमाप वह्या लिहिल्या.
लांबी, रुंदी, उंची, शेरा.
सवय जात नाही.
पावलांनी बैठक मोजली, हातांनी भिंतीची जाडी,
ढिगारे नजरेनेच घनफुटांत काढले,
आणि हिशेब लागेना.
एवढं उंच पडलं, तर खाली एवढंच कसं?
बाकीचा दगड कुठाय?

ती थबकली. "हे कोणी विचारत नाही.
काळाने नेला, म्हणा."
म्हटलं, बाई, काळाकडे बैलगाडी नसते.
ती हसली, आणि छत्री पुढे निघाली.

जमिनीत थडग्यांच्या शिळा,
कवट्या, मुकुट, झिजून गुळगुळीत झालेली नावं.
एक मुलगा त्यांवरून टिकरी खेळावी तसा उड्या मारत गेला.
बाप ओरडला.
"खेळू दे," लिब्राता म्हणाली, "त्यांनाही कोण येतं भेटायला?"

मग आदिलशाही वाड्याचं दार. काळा दगड, वर नक्षी,
वाड्याहूनही जुनी, कुठल्याशा देवळाची, म्हणतात.
दार आहे, वाडा नाही.
चारी बाजूंनी गवत मोकळं,
तरी आम्ही अकराही जण दारातूनच गेलो,
एकेक करून, किंचित वाकून.

मांडवीपाशी फेरी संपली. टाळ्या. शहाळी. बस.
मी घोटे दाबत कठड्यावर बसलेला.
"दिवाडीला येता?" तिने विचारलं. "बोट लागलीय.
तुमचा हिशेब दाखवते."

घर साधं. मंगलोरी कौलं, दारात मोगरा,
आणि पहिल्या पायरीला एक शिळा,
बाकीच्या पायऱ्यांहून रुंद, त्यांच्या रंगात न बसणारी.
अक्षरं उलटी. खालची ओळ भिंतीत गेलेली.
"पणज्याच्या बापाने आणली. होडीतून.
असे चार दगड, दोन खेपा."
रात्री?
"दिवसाढवळ्या! सगळेच नेत होते.
ताप आला, माणसं उठली, दगड तेवढे राहिले.
कोणी गोठा बांधला, कोणी विहीर,
अर्धी पणजी तिथूनच उठून आली म्हणतात.
हे मी टूरवर सांगत नाही.
लोकांना पडलेलं बघायचं असतं, साहेब."

पायरीवर तिची आई विळीवर तारले साफ करत होती,
मांजर डोक्याच्या आशेने बसलेलं.
मी टेप काढला.
म्हातारीने मान न उचलता विचारलं,
"मापता कित्याक? विकपाचो ना."

लांबी सव्वातीन फूट.
रुंदी एक फूट दहा इंच.
जाडी, दिसते तेवढी, पाच.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच ठेवलं.

म्हातारी उठली, घागर कलंडली,
खवले, रक्त, सगळं पायरीवरून अंगणात वाहून गेलं
आणि ओल्या दगडावर अक्षरं काळी उमटली,
स्पष्ट, एकेक.
मला ती लिपी वाचता येते, भाषा येत नाही.
मी उलटा वाकून, ओठ हलवत, अर्धं नाव लावलं,
तोवर ऊन आलं होतं. कडेकडून वाळायला लागली होती.