बुटाची वरची बाजू

बल्लाळसाहेब गाडीतून उतरले
म्हणजे आधी एक हात, मग टक्कल, मग "आई गं".
इतकी खाली बसते ती पिवळी, दोन सीटांची गाडी.
चेहरा मी नंतर पाहिला.
आधी डावा बूट:
तळ जवळजवळ कोरा,
आणि वर, बोटांच्या बरोबर माथ्यावर
चामडं घासून पांढरा पट्टा.

"क्लच वर येत नाही ना?"
ते चपापले. "कुणी सांगितलं?"

कुणी नाही.
माजिवड्याच्या सिग्नलला पेडल जमिनीला चिकटत असणार,
मागचे रिक्षावाले हॉर्नवर रेललेले,
आणि हा माणूस पेडलखाली पाय घालून
त्याला उचलून वर घेत असणार
झोपलेलं पोर खांद्यावर घ्यावं तसं.

पाच महिने, म्हणाले.
सकाळी थंड असते तेव्हा शहाणी असते.

वागळे इस्टेटमधला आमचा गाळा,
शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, समोर चहा.
सुचेता घरत, आयटीआय, दुसरं वर्ष,
तिने टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं.
तेल काळं, तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं.
"काका, हे कुणी बदललंच नाहीये."

मास्टर सिलिंडर खोलला. रबर ठणठणीत.
खालचा खोलला. किंचित ओला, नवं किट टाकलं.
स्प्रिंग पाहिली, बिजागरीला ग्रीस दिलं,
मग ती सीटवर, मी खाली पुठ्ठ्यावर,
अकराचा पाना, पारदर्शक नळी, पाण्याची जुनी बाटली.

दाब.
दाबलं.
धर.
धरलं.
(बुडबुडा.)
सोड.
दाब.
दाबलं.

तासभर एवढेच शब्द.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, घरीही आमचं
साधारण इतकंच बोलणं होतं,
फक्त तिथं बाटलीत काही पडताना दिसत नाही.

तेल मधासारखं यायला लागलं. पेडल टणक, पटकन वर.
साहेबांनी पाकीट काढलं.
म्हटलं, थांबा. तापू द्या तिला.

येऊरच्या चढावर, तिसऱ्या वळणाला
पेडल खाली गेलं आणि खालीच राहिलं.
साहेब मला काही बोलले नाहीत.
नुसता डावा पाय वाकडा केला.
यापेक्षा शिवी बरी असते.

गाळ्यात सुचेताने बॅटरी मारली.
"आणि ही?"
वीतभर रबरी नळी. ना तडा, ना ओल.
हिच्यावरून मी फडकं फिरवून पुढे गेलो होतो.
तिने काढली, कॉम्प्रेसरची हवा दिली: गेली.
उलटी धरून दिली:
नाही.

ब्लेडने उभी चिरली.
बाहेरून धडधाकट, आतून सुजून गळा आवळलेला,
एका जागी रबराची जीभ सुटलेली,
जाणाऱ्याला वाट देणारी,
परतणाऱ्यापुढे आडवी पडणारी.

"म्हणजे दाबलेलं सगळं पोचायचं, काका.
परत फक्त यायचं नाही."
मी हो म्हटलं.
बराच वेळ ते दोन तुकडे हातात धरून होतो,
ती म्हणाली, चहा निवतोय.

नळी कुर्ल्याहून यायला दोन दिवस लागले. सातशे रुपये.
मास्टर सिलिंडर खोलल्याची मजुरी लावली नाही,
बिलात ती ओळ मी खोडली, आणि खोडलेली दिसू दिली.

दुपारी दोनचं ऊन, घोडबंदर रोड,
गायमुखपर्यंत जाऊन परत, काटा तापून वर.
कापूरबावडीला सिग्नल लाल.
साहेबांनी क्लच दाबला, न्यूट्रल केलं, सोडला.
पेडल आपण होऊन वर आलं.
तरी त्यांचा डावा पाय खाली गेला,
मोकळ्या जागेत जरा चाचपडला,
उचलायला काहीच सापडेना
तसा मॅटवर येऊन बसला, नवख्या पाहुण्यासारखा.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.
हिरवा लागला.
मागचा हॉर्न वाजायच्या आत आम्ही निघालो होतो.